अस्मिताचे कोड

२००५ साल. सांगलीत कुणालाही विचारा, तो ते पुराचं साल म्हणून सांगेल. पण कृष्णेचं पाणी चढलं जुलैच्या शेवटी. मी सांगते ते सगळं त्याआधी घडून गेलं होतं, मार्च ते मे एवढ्या अवधीत.

"काकू, शंभर म्हणजे पूर्ण दिसतंय. शून्य म्हणजे काहीच दिसत नाही," अस्मिता म्हणाली. "आता आपण शंभरावरून शून्यावर यायचं. एकदम उडी नाही मारायची. पाच-पाचाने उतरायचं, जिना उतरल्यासारखं. तेवढ्या वेळात खालचा फोटो शून्यावरून शंभरावर चढतोय. कळलं?"

"एक जिना उतरतो, दुसरा चढतो. मधल्या पायरीवर दोघांची गाठ पडते."

"अय्या, काय सुंदर सांगितलंत! मी एवढे दिवस पोरांना शिकवतेय, मला नाही सुचलं."

गावभागातल्या एका कापडदुकानाच्या माडीवर, माझ्या दिराच्या वधूवर सूचक केंद्रात आम्ही बसलो होतो. सुकुमार भाऊजींनी 'शुभबंध' नावाचं ते केंद्र चालवायला घेतलं त्याला वीस वर्षं झाली होती. फाइली, फोटो, कुंडल्या, सगळं लोखंडी कपाटात. आता त्यांना वेबसाइट हवी होती, आणि तिच्या पहिल्या पानावर केंद्रात जमलेल्या जोडप्यांचे फोटो. "कसे, तर एक विरघळत जायला पाहिजे आणि त्यातनं दुसरा उमलायला पाहिजे," भाऊजी हवेत हात फिरवून सांगायचे. "सिनेमात येतंय बघ, तसं. खटाखट पत्ते टाकल्यागत नको."

ते काम करायला आलेली अस्मिता उपाध्ये पंचवीस वर्षांची होती. एका क्लासमध्ये शिकवायची आणि दुपारी आमच्याकडे यायची. मी तिथे होते ती शुद्धलेखनाला. अठ्ठावीस वर्षं मी छापखान्यात काढली, आधी अक्षरांचे खिळे जुळवले, मग मुद्रितं तपासली. लग्नपत्रिका हा आमच्या छापखान्याचा मुख्य धंदा. एकदा पाचशे पत्रिका छापून झाल्यावर मला 'आशीर्वाद'मधला रफार भलत्या अक्षरावर दिसला. मालकाला मी सगळा गठ्ठा रद्द करायला लावला. तो म्हणाला, "प्रमिलाबाई, अहो कोण बघतंय?" मी म्हटलं, "मी बघतेय." छापखाना बंद पडल्यावर भाऊजींनी मला केंद्रात बसवलं. तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते.

अस्मितानेच मला पान लिहायला शिकवलं. माझी तिची वेळ बहुतेक जुळायची नाही, मी सकाळी, ती दुपारी. म्हणून तिने एक युक्ती काढली. प्रत्येक फोटोखाली तिने एक पट्टी ठेवली. पट्टीची ओपॅसिटी शून्य, म्हणजे पान उघडलं की ती दिसायची नाही. तिच्यावर माउसचा बाण नेला की अक्षरं हळूहळू उमटायची, बाण काढला की विरायची. त्या पट्टीत आम्ही एकमेकींना निरोप लिहायचो.

मी लिहायचे : "तिसऱ्या फोटोत 'चिरंजीव'चा 'चि' दीर्घ पडला आहे."

दुसऱ्या दिवशी तिथेच उत्तर असायचं : "केला ऱ्हस्व. काकू, तुमच्या डोळ्यांना दंडवत. कालचा कोड मी घरी नेला होता, आता परत ठेवलाय."

हा 'कोड' शब्द ती दिवसातून पन्नासदा वापरायची. संगणकाला सांगायच्या ओळी म्हणजे कोड. पहिल्या दिवशी ती भाऊजींना म्हणाली होती, "काका, तुमच्या साइटचा कोड मी घरी नेते." भाऊजी दचकले आणि म्हणाले, "ने बाई, ने! आणि परत आणू नको!" कारण आपल्याकडे कोड म्हटलं की पहिल्यांदा अंगावरचे पांढरे डागच आठवतात, आणि वधूवर केंद्रात तर तो शब्द कुणी मोठ्याने उच्चारतसुद्धा नाही. फॉर्मवर भाऊजी पेन्सिलीने एक लहानसं वर्तुळ काढायचे. तेवढ्यावर समजून घ्यायचं.

"आणि काकू, एक महत्त्वाचं," पट्टी दाखवून झाल्यावर अस्मिताने सांगितलं होतं. "पानं दाखवणारा हा आपला फायरफॉक्स शहाणा आहे. पण लोकांच्या घरात, कॅफेत, काकांच्या लॅपटॉपवर, सगळीकडे एक्सप्लोरर आहे. त्याला ओपॅसिटी हा शब्दच कळत नाही. त्याच्यासाठी फिल्टरची वेगळी ओळ लिहायची. ती राहिली तर त्याच्याकडे सगळं ढळढळीत दिसतं."

"म्हणजे बहिऱ्याला हाताने खूण करायची."

"अगदी! घरात एक म्हातारा बहिरा आहे आणि सगळी सत्ता त्याच्याच हातात आहे, असं समजा."

भाऊजी पलीकडून ओरडले, "माझं नाव घेताय काय गं?"

त्या दिवसांत माझा मुलगा भूषण पुण्याहून दर शनिवारी यायला लागला. अठ्ठावीस वर्षांचा, तोही संगणकातलाच. आधी महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, मला भेटून, कपडे धुऊन घेऊन जायचा. आता आला की अंघोळ करून थेट केंद्राच्या माडीवर. "काकांना मदत करतोय," म्हणायचा. भाऊजींच्या लक्षात माझ्याआधी आलं.

"वहिनी, वीस वर्षं मी लोकांची लग्नं जमवतोय. आणि माझ्याच माडीवर फुकटात जमलंय," ते हसत म्हणाले. "पोरगी गुणाची आहे. बाप शाळामास्तर, साधी माणसं. मी उपाध्ये गुरुजींशी बोलू?"

"बोला की," मी म्हटलं.

भूषणचे वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. एकोणीस वर्षं आम्ही दोघंच. ते सांगून मी कशाचं समर्थन करत नाही. तसं होतं, एवढंच.

बोलणी झाली. साखरपुडा मेच्या अखेरीस ठरला. भाऊजींनी मनात आणलं की अक्षय्य तृतीयेला साइटचं उद्घाटन करायचं, आणि फोटोंच्या रांगेत शेवटचा फोटो या दोघांचा ठेवायचा. म्हणजे केंद्राची जाहिरातही होईल आणि घरचं कार्यही सगळ्यांना कळेल. अस्मिताची धाकटी बहीण विनया, तिचंही जयसिंगपूरच्या एका घराशी जमत आलं होतं. ती मंडळीही कार्यक्रमाला यायची होती.

उद्घाटनाच्या आठ दिवस आधी, दुपारची, माडीवर आम्ही दोघीच होतो. वर पंखा फिरत होता, तरी अंगाला धारा लागल्या होत्या. अस्मिता नेहमीसारखी पूर्ण बाह्यांच्या ड्रेसमध्ये.

"अगं, एवढ्या उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या? दुमडून घे की."

 ती उठून दार लोटून आली आणि डावी बाही वर घेतली. कोपराच्या आतल्या बाजूला आठ आण्याएवढा पांढरा डाग होता. त्याच्या वर अजून दोन, लहान.

"भूषणला मी पहिल्याच दिवशी सांगितलंय," ती म्हणाली. "तो म्हणाला, बरं मग? पण तुम्हाला माझ्या तोंडून कळावं असं मला वाटत होतं, काकू. घरच्यांनी सांगू नको म्हणून सांगितलंय. विनयाचं ठरतंय ना. पण तुमच्यापासून लपवून मला त्या घरात नाही यायचं."

"औषध?"

"चालू आहे. डॉक्टर म्हणतात, लागट नाही, दुखत नाही. वाढेल की एवढ्यावर राहील, ते मात्र सांगता येत नाही."

"घरात अजून कुणाला?"

"आत्याला होतं. तिचं लग्न नाही झालं."

"अगं, त्यात काय एवढं," मी म्हटलं.

तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. "वेडी कुठली. भूषणला चालतंय, मग मी कोण? आणि घरात कुणाला सांगायची गरज नाही, मी आहे ना." ती तोंड धुऊन, चहा पिऊन, हसत घरी गेली. ती गेल्यावर मी मोरीत जाऊन साबणाने दोनदा हात धुतले. लागट नाही असं तिने मला नुकतंच सांगितलं होतं.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी अस्मिता दुपारी येऊन सगळं तपासून गेली. भाऊजींच्या लॅपटॉपवर एक्सप्लोरर उघडून तिने अकराच्या अकरा फोटो तीनदा फिरवले. पट्ट्यांमधले निरोप पुसले. "काकू, आता शेवटचं मुद्रित तुम्ही बघा. तुमची नजर फिरल्याशिवाय मी साइटवर चढवणार नाही." मी संध्याकाळी पाच ते सहा एकटी बसले. एक वेलांटी सापडली, दोन अनुस्वार सापडले. सहाला तिचा फोन आला.

"झालं का?"

"झालं. मीच चढवते, तू मेंदीला बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मंगल कार्यालयाचा लहान हॉल भरला होता. दीडशे माणसं असतील. पडदा लावला होता, भाड्याने प्रोजेक्टर आणला होता, आणि भाऊजींचा लॅपटॉप टेबलावर. अस्मिता मोरपंखी साडी नेसून आली होती, ब्लाउजला कोपराखालपर्यंत बाह्या. ती सवयीने टेबलाकडे वळली.

"आज तू मशीनला हात लावायचा नाहीस," मी म्हटलं. "पुढच्या रांगेत बस. आज तू नवरी. मी बघते."

"काकू, एकदा फक्त—"

"बस म्हटलं ना. सासूचं ऐकायची सवय लाव."

सगळे हसले. तीही हसली आणि आईशेजारी जाऊन बसली.

नारळ वाढवून झाला. भाऊजींचं भाषण झालं. मी पान उघडलं. पहिलं जोडपं दिसलं, मिरजेचं, नव्वद सालचं. ते हळूहळू विरलं आणि त्यातून दुसरं जोडपं वर आलं. हॉलमध्ये "अगोबाई" झालं. लोकांना ते फारच आवडलं. कुणी म्हणालं, "आरतीचा धूर पांगावा तसं दिसतंय." दहा जोडपी अशी आली आणि गेली. भाऊजींनी हात वर केला.

"आणि आता, घरची गोष्ट!"

दहावा फोटो विरला. अकरावा उमटला. भूषण आणि अस्मिता, हरिपूरच्या घाटावर, उन्हाने डोळे बारीक केलेले. टाळ्या वाजल्या. खाली नावं होती : चि. भूषण आणि चि. सौ. कां. अस्मिता. आणि नावांच्या खाली, पट्टीत, चांगल्या ठसठशीत अक्षरांत एक ओळ होती.

'अस्मिताचे कोड झाकून ठेवले आहे. कार्यक्रम होईपर्यंत हात लावू नये.'

टाळ्या पुढून मागे विझत गेल्या. मागच्या रांगेतल्यांना वाचायला वेळ लागला.

"अगं बया," शेडबाळे मावशी म्हणाल्या. गावातलं कुठलंही लग्न त्यांच्या तोंडून गेल्याशिवाय होत नसे. "कोड? कुणाला कोड?"

अस्मिता ताडकन उभी राहिली. चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज तिने सांभाळला. "मावशी, कॉम्प्युटरचा कोड हो तो! प्रोग्रॅम लिहितात ना, त्याला कोड म्हणतात. आमचे निरोप असतात तिथे. पुसायचा राहिलाय."

"आम्ही दिवसभर दुसरं काय करतो?" भूषण मागून मोठ्याने म्हणाला. "मला तर त्याचाच पगार मिळतोय."

भाऊजी धावून आले. "मीसुद्धा फसलो होतो पहिल्यांदा!" त्यांनी 'ने बाई, परत आणू नको'चा किस्सा सांगितला, तोही हातवारे करून. हॉल हसला. शेडबाळे मावशी पदराने डोळे पुसत हसल्या. "मेलं काय ते इंग्रजी! माझ्या काळजाचं पाणी झालं की." जयसिंगपूरची मंडळी हसली. अस्मिता खाली बसली, आणि मी पाहिलं, तिने आईचा हात घट्ट धरला.

तिथे सगळं संपलं असतं.

मी टेबलापासून उठले आणि अस्मिताच्या आईजवळ गेले. गरीब बाई, पापभीरू, देवळात जाताना चपलेखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघत चालणारी. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हसू ओसरत होतं, त्यामुळे माझं बोलणं चार रांगांना ऐकू गेलं असेल.

"उपाध्येवहिनी, बघा, विषय निघाला म्हणून विचारते. तसलं काही नाही ना? असलं तरी मोकळेपणी सांगा हं. आमचं काही म्हणणं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मुलीकडे. तोंड उघडलं, मिटलं. आणि तिने दोन्ही हातांनी पदर तोंडाला लावला.

"आई," अस्मिता म्हणाली. "आई, नाही म्हण."

पण ती बाई देवादिकांच्या फोटोंसमोर, दीडशे माणसांत, खोटं बोलू शकली नाही. ती नुसती रडत राहिली. गुरुजी मागून उठून आले आणि म्हणाले, "फार थोडं आहे हो. औषध चालू आहे. फार थोडं आहे." त्या बोलण्याने राहिलेलंही गेलं.

जयसिंगपूरची माणसं जेवायला थांबली नाहीत. पंगतीला पुरणपोळ्या नि आमरस होता. निम्मी पानं वाढलेली तशीच उठली.

मी लॅपटॉप घेऊन हॉलमागच्या खोलीत गेले. मागून अस्मिता आली. तिने दार लावलं, खुर्ची ओढली, आणि माझ्याकडे न बघता पान आतून उघडलं. अकरा पट्ट्यांचा कोड एकाखाली एक होता. ती बोट लावून वाचत गेली.

"दहा पट्ट्यांना फिल्टरची ओळ आहे," ती म्हणाली. "अकरावीला नाही. काल दुपारी होती."

"माझ्याकडून चुकून पुसली गेली असेल. मला कुठे एवढं कळतंय?"

"आणि हे वाक्य?"

"तुझे ते कोड, म्हणजे तू लिहिलेल्या ओळी... कुणी हात लावू नये म्हणून मी निरोप लिहिला. भाऊजी उगाच काहीतरी दाबतात. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, बाई. शब्दच मेला तसा."

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"काकू, एक कोड असता तर तुम्ही 'अस्मिताचा कोड' लिहिलं असतं," ती म्हणाली. "पुष्कळ कोड असते तर 'झाकून ठेवले आहेत' लिहिलं असतं. तुम्ही 'आहे' लिहिलंय."

बाहेर भांड्यांचा आवाज येत होता.

"घाईत 'त' राहिला असेल," मी म्हटलं.

"तुमच्याकडून?"

 अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून एक अक्षर सुटलं नव्हतं, हे मीच तिला शंभरदा ऐकवलं होतं. आणि खरं सांगायचं तर तो 'त' राहिला नव्हता. आदल्या संध्याकाळी मी आधी 'चा कोड' लिहिलं होतं. वाचून पाहिलं. ते कुणालाही संगणकाचंच वाटलं असतं. मग 'चे कोड' केलं आणि 'आहेत' लिहिलं. तेही वाचून पाहिलं. मग 'त' काढला. आता ते दोन्हीकडून वाचता येत होतं. आणि माझ्यावर कुणी बोट ठेवलंच तर एका अक्षराची चूक म्हणून सुटता येत होतं. मग मी फिल्टरची ओळ काढली. मला वाईट व्हायचं नव्हतं. 'त्यात काय एवढं' असं मी म्हणून बसले होते, तो शब्द मला माघारी घ्यायचा नव्हता. मला फक्त ते लग्न नको होतं.

अस्मिताने 'आहे'च्या पुढे बाण नेला, एक 'त' टाईप केला आणि फाइल जतन केली.

"केलं दुरुस्त," ती म्हणाली. "नजर फिरवून घ्या."

मग तिने पदर सारखा केला आणि बाहेर गेली. तिथे तिची आई बसली होती. मी त्या दिवशी वाट बघत होते की ती आता सगळ्यांसमोर सांगेल. 'मी काकूंना आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं,' एवढं म्हणाली असती तरी पुरे होतं. ती काही बोलली नाही. का नाही बोलली, ते मला कळलेलं नाही.

भूषण ऐकायला तयार नव्हता. भाऊजींनी आणि माझ्या दोन मोठ्या जावांनी लग्न नको म्हणून सांगितलं तेव्हा तो त्यांना म्हणाला, "तुम्ही नाही आलात तर चौघांत करू." सोमवारी तो उपाध्यांच्या घरी गेला. अस्मिता बाहेर आली आणि तिने उंबऱ्यातूनच त्याला नाही म्हणून सांगितलं. तो तासभर अंगणात उभा होता. तिने कारण दिलं नाही.

रात्रभर तो खुर्चीत बसून होता. सकाळी मला म्हणाला, "आई, तू जा. तुझं ती ऐकेल. तिला वाटत असेल की तुला पसंत नाही. तू स्वतः जाऊन सांग. एवढं कर माझ्यासाठी."

"जाते," मी म्हटलं. चांगली साडी नेसले. ओटीसाठी नारळ आणि खण घेतला. बसने हरिपूरला गेले आणि घाटावर सावलीत बसले. दोन नद्या एकत्र होतात तिथे पाणी आटून खडक वर आले होते. चणे-फुटाणे विकत घेतले, थोडे खाल्ले. दोन तासांनी उठले, नारळ देवळात ठेवला आणि घरी आले.

"पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं रे," मी भूषणला सांगितलं. "नाहीच म्हणते. म्हणाली, मला तुमच्या घरातलं कुणी नको."

तो माझ्या कुशीत लहान मुलासारखा रडला. त्याच्याही केसांवरून मी हात फिरवला.

सुकुमार भाऊजी अकरा वर्षांपूर्वी गेले. साइट दोनच वर्षं चालली. पुढे लोक मोबाईलवर स्थळं बघू लागले आणि केंद्रही बंद झालं. शेवटपर्यंत ते कुणी भेटलं की सांगायचे, "वहिनींच्या एका राहिलेल्या 'त'ने घोटाळा केला, पण देवाने आम्हाला वाचवलं." अस्मिताने त्यांना काही सांगितलं असेल असं वाटत नाही; बहुधा त्यांनी पान नंतर उघडून पाहिलं असावं आणि तो 'त' मीच मागून घातला असं समजले असावेत.

विनयाचं जयसिंगपूरचं मोडलं. पुढे चार वर्षांनी तिला हुबळीकडच्या एका बिजवराला दिली. त्याला आधीच्या दोन मुली होत्या. ती बरी आहे असं ऐकते. उपाध्ये गुरुजींनी त्याच पावसाळ्यात घर बदललं आणि पुरात त्यांचं नवं घर बुडालं. अस्मिताची आई त्यानंतर फार जगली नाही.

शेडबाळे मावशी अजून आहेत, नव्वदीच्या. त्यांना आता काही आठवत नाही.

भूषणने लग्न केलं नाही. मी स्थळं आणली, तो फोटो न बघता परत करायचा. पुण्यात त्याच्याकडे मी दहा वर्षं आहे. वेळेवर औषधं देतो, चष्मा पुसून देतो. माझी वार्षिक तपासणी, दात, डोळे, सगळं तो रजा काढून करतो. लोक म्हणतात, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं.

अस्मिताला मी एकदा पाहिलं. सहा वर्षांपूर्वी मोतीबिंदूसाठी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. एका डोळ्याचं झालं होतं, त्यावर पट्टी होती. दुसऱ्याने मला चांगलं दिसत होतं. भूषण मला दुसऱ्या मजल्यावर बाकावर बसवून खाली गाडी नीट लावायला गेला. एक बाई समोरून येऊन थांबली. अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज होता. डाग दोन्ही हातांवर पसरले होते, मानेवर होते, ओठांच्या कडेला होते. तिने काहीच झाकलं नव्हतं. गळ्यात मंगळसूत्र आहे का ते मी आधी पाहिलं. नव्हतं.

"काकू," ती म्हणाली. "ओळखलंत?"

मी पट्टी नसलेला डोळा तिच्यावरून बाजूला वळवला.

"कोण गं बाई? मला दिसत नाही."

ती तिथे उभी राहिली. मग माझ्या हातातली चिठ्ठी तिने हलकेच घेतली, वाचली, परत माझ्या बोटांत ठेवली. "तुमचा नंबर सत्तावन्न आहे. आता बावन्न चालू आहे. पाच जण आहेत पुढे," ती म्हणाली. "सोबत कोणी आहे ना?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि ती जिन्याकडे गेली. ती पहिलं वळण उतरते न उतरते तोच लिफ्टचं दार उघडलं आणि भूषण बाहेर आला.

"कुणाशी बोलत होतीस?"

तिच्या पावलांचा आवाज खालून अजून येत होता. एका हाकेचं अंतर होतं.

"नंबर विचारत होते," मी म्हटलं. "बस. अजून पाच जण आहेत."